आत्याचे आजारपण आणि घरातील मौन

परळच्या टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ मध्ये मुंबईच्या झोपडपट्ट्यांत एक दीर्घ अभ्यास आरंभिला. ३५ ते ६४ वयाच्या सुमारे दीड लाख स्त्रियांपैकी निम्म्यांच्या स्तनांची प्रशिक्षित आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हाताने तपासणी करीत. डॉ. इंद्रनील मित्रा व सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. तपासलेल्या स्त्रियांत रोग लवकरच्या अवस्थेत सापडला आणि पन्नाशीपुढील स्त्रियांत त्यामुळे होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले. यंत्राविना, साध्या हातांनी साधलेले हे यश मोठेच म्हटले पाहिजे.

पन्नाशीच्या आतील स्त्रियांत मात्र तशी घट दिसली नाही. आनुवंशिक कर्करोग तर बहुधा याच वयात गाठतो. स्तनाच्या एकूण कर्करोगांपैकी ५ ते १० टक्के आनुवंशिक असतात. त्यांत बीआरसीए १ व २ या जनुकांतील दोष प्रमुख होत. असा दोष असलेल्या स्त्रीला ऐंशीव्या वर्षापर्यंत हा रोग होण्याची शक्यता सुमारे ७० टक्के असते. तरुण वयात स्तनाची घडण दाट असल्याने मॅमोग्राफीत गाठ झाकली जाते. म्हणून अशा स्त्रियांना पंचविशीपासून दरवर्षी एमआरआय आणि तिशीपासून जोडीला मॅमोग्राफी सुचविली जाते.

आता व्यापारी घरांतील गोष्ट. पेढी मुळजी जेठा मार्केटात, बिऱ्हाड बोरिवलीला वा घाटकोपरला. तीन पिढ्यांच्या वह्या जपलेल्या. पण थोरल्या आत्याला काय झाले होते, हे धाकट्या सुनेस ठाऊक नसते. ‘पोटाचे दुखणे होते’ एवढेच सांगितले जाते. घरात लग्नाच्या मुली असतात, स्थळे यायची असतात. ही भीती निराधार नाही, हेही मान्य केले पाहिजे. परंतु ते पोटाचे दुखणे बीजकोशाचा कर्करोग असेल, तर तोही याच जनुकांशी निगडित असतो, आणि तो दडविण्याची किंमत त्याच मुलींना मोजावी लागते.

आत्याचा आजार आपल्या मुलीच्या वाट्याला कसा येईल, असे पुष्कळांना वाटते. आईकडचे तेवढे मोजायचे, असा समज आहे. तो चुकीचा आहे. सदोष जनुक वडिलांकडूनही येते. प्रत्येक अपत्यास, मग तो मुलगा असो वा मुलगी, ते मिळण्याची शक्यता निम्मी असते. बीआरसीए २ चा दोष असलेल्या पुरुषासही स्तनाचा कर्करोग होऊ शकतो.

तपासणीचा क्रमही ध्यानी घ्यावा. रक्ताची जनुकीय चाचणी शक्यतो प्रथम आजारी व्यक्तीची करतात. तिच्यात दोष सापडला, तर इतरांत नेमका तोच शोधता येतो, आणि ज्या मुलीत तो नसेल तिची वर्षानुवर्षांच्या जादा तपासण्यांतून सुटका होते. आत्याची चाचणीच झाली नसेल, तर भाचीच्या निर्दोष अहवालाने पुरता दिलासा मिळत नाही. परळला व खारघरला टाटा केंद्राच्या जनुकीय विभागात यासंबंधी समुपदेशन होते.

खर्चाचेही सांगावयास हवे. जुनी करप्रणाली निवडणाऱ्यास प्रतिबंधक तपासणीचे ५,००० रुपयांपर्यंत वजावटीस मिळतात. एमआरआयपुढे ही रक्कम तोकडीच. उपाश्रयातील शिबिरांत रक्तदाब व साखर तपासतात, त्याच अर्जावर आत्या, मावशी, आजी यांच्या आजारांचा एक रकाना घालण्यास मात्र काहीच खर्च नाही. आत्या हयात आहे तोवर तिला विचारता येते.