फिर्याद टाइप कोण करतं?

इलेक्ट्रॉनिक सिटीच्या फेज १ मध्ये मी एका कंपनीच्या हेल्पडेस्कवर काम करते. कुणाचा पासवर्ड अडकला, कुणाचा लॅपटॉप सुरू होईना, की माझ्या स्क्रीनवर तिकीट उघडते. त्यावर वेळ पडते, ते कुणाकडे आहे त्याचे नाव पडते. एक अक्षर बदलले तरी कुणी, कधी, काय बदलले याची नोंद आपोआप राहते. चार तासांत काम झाले नाही तर वरच्या साहेबाला मेल जातो. सगळा खटाटोप एका पासवर्डसाठी.

इथे येण्याआधी मी महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी पोलिसांच्या तपास कार्यालयात अकरा महिने डेटा एन्ट्री ऑपरेटर होते. एजन्सीमार्फत, कंत्राटी. उपअधीक्षकांचे कार्यालय ठाण्याच्या आवारातच होते, त्यामुळे ॲट्रॉसिटीची फिर्याद टाइप करायला बहुतेक वेळा आमच्याच टेबलवर यायची. तिथे कोणत्याही बदलाची नोंद राहत नव्हती. राहिली असती तर एका ठिकाणी माझे नाव निघाले असते. म्हणून हे लिहिते आहे.

एक मावशी आल्या होत्या. बांधावरून भांडण झाले आणि गावातल्या वजनदार घरातल्या एकाने त्यांच्या दारासमोर येऊन, चारचौघांच्या देखत, जातीवरून शिव्या दिल्या. हवालदारांनी हाताने लिहून घेतले त्यात ‘दारासमोर’ असेच होते. पण आमच्याकडे पद्धत अशी की जुन्या फिर्यादीची फाइल उघडायची, नाव-गाव-तारीख बदलायची आणि प्रिंट काढायची. जुन्या फाइलीत ‘राहते घरी’ होते. ते तसेच राहिले. मावशींनी सांगितलेले शब्दही गेले. रीडर म्हणाले, “घाण शब्द कशाला लिहिता? जातीवाचक शिवीगाळ केली, एवढं पुरे.” मी तेवढेच लिहिले. मावशींची शेवटची एसटी होती. त्यांनी अंगठा दिला. कागद त्यांना कुणी वाचून दाखवला नाही. मीही नाही.

त्या दोन शब्दांत काय होते ते मला बंगळुरूला आल्यावर, कायदा स्वतः वाचला तेव्हा कळले. ॲट्रॉसिटी कायद्याच्या कलम ३(१)(आर) आणि (एस) प्रमाणे अपमान किंवा जातीवरून शिवीगाळ ही लोकांच्या नजरेस पडेल अशा ठिकाणी झालेली असावी लागते. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये आणि पुन्हा २०२० मध्ये हा फरक स्पष्ट केला. घराबाहेरची, रस्त्यावरून दिसणारी जागा यात येऊ शकते. चार भिंतींच्या आत, बाहेरचे कुणी नसताना झालेला अपमान येत नाही. म्हणजे ‘दारासमोर’ लिहिले तर गुन्हा उभा राहू शकतो, आणि ‘राहते घरी’ लिहिले तर आरोपीच्या वकिलाचे निम्मे काम तपास कार्यालयानेच करून ठेवले. नेमके शब्द नाहीत, जातीचे नाव नाही, आरोपी अनुसूचित जाती-जमातीचा नाही याची नोंद नाही, अशा त्रुटी मग कोर्टात एकेक करून बाहेर येतात. बाहेर मात्र बोलले जाते की ‘ॲट्रॉसिटीच्या केसेस खोट्या असतात, म्हणून तर सुटतात.’

कायदा करणाऱ्यांना हे टेबल माहीत होते. २६ जानेवारी २०१६ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने कलम ४ मध्ये लोकसेवकाची कर्तव्ये एकेक करून लिहिली. तोंडी दिलेली माहिती लिहून घेतल्यावर, सही घेण्याआधी ती फिर्यादीला वाचून दाखवणे. तिची प्रत ताबडतोब देणे. ६० दिवसांत तपास पूर्ण करून दोषारोपपत्र दाखल करणे. आणि कोणताही दस्तऐवज किंवा इलेक्ट्रॉनिक अभिलेख अचूक तयार करणे व त्याचा अचूक अनुवाद करणे. यात जाणूनबुजून हयगय करणाऱ्या, स्वतः अनुसूचित जाती-जमातीचा नसलेल्या लोकसेवकाला सहा महिने ते एक वर्ष शिक्षेची तरतूद आहे. टायपिंग, नक्कल, जावक ही कामे किरकोळ असती तर संसदेने त्यांच्यासाठी तुरुंग लिहिला नसता. पण हे काम जो प्रत्यक्ष करतो तो आज एजन्सीचा माणूस आहे. मला कलम ४ कुणी दाखवले नव्हते. वर्षभरात बाहेर पडणाऱ्या पोरीला कोण दाखवणार?

पैशाचेही बघा. २०१६ च्या नियमांप्रमाणे अशा अपमानाच्या गुन्ह्यात पीडिताला एक लाख रुपये अर्थसहाय्य आहे. चतुर्थांश एफआयआरनंतर, निम्मे दोषारोपपत्र न्यायालयात गेल्यावर, उरलेले शिक्षा झाल्यावर. प्रत्येक टप्प्यावर तपास कार्यालयातून समाजकल्याण खात्याकडे कागद जावा लागतो. जात प्रमाणपत्राची प्रत राहिली, जावक क्रमांक पडला नाही, की पैसे थांबले. आणि ज्याच्या शेतावर मजुरी करायची त्याच्याच विरुद्ध साक्ष द्यायची असते, तेव्हा थांबलेला प्रत्येक महिना साक्षीदाराला तडजोडीकडे ढकलतो.

कर्नाटकाला याची किंमत माहीत आहे. ११ मार्च २००० ला चिंतामणी तालुक्यातल्या कंबालपल्लीत सात दलितांना घरात कोंडून जाळले. साक्षीदार फितूर झाले, २००६ मध्ये सगळे आरोपी सुटले आणि २०१४ मध्ये उच्च न्यायालयाने ती सुटका कायम केली. त्याच २०१४ साली कोप्पळ जिल्ह्यातल्या मरकुंबीत दलितांची घरे पेटवली. तिथे २४ ऑक्टोबर २०२४ ला ९८ जणांना जन्मठेप झाली, पण त्याला दहा वर्षे लागली, आणि पुढच्याच महिन्यात उच्च न्यायालयाने बहुतेकांना जामीन दिला. २०२५ मध्ये कर्नाटक सरकारने नागरी हक्क अंमलबजावणी संचालनालयाची ३३ स्वतंत्र पोलीस ठाणी सुरू केली, ॲट्रॉसिटीच्या गुन्ह्यांसाठी. ही चांगली गोष्ट आहे, महाराष्ट्राने घ्यावी अशी आहे. माझा प्रश्न एवढाच, की त्या ठाण्यांत साहेबाच्या खुर्चीमागे संगणकावर कोण बसणार आहे आणि किती दिवसांसाठी?

कार्यालयातल्या एका शेऱ्याचे वजन किती असते हे आपण २०१८ मध्ये देशभर पाहिले. कराडच्या शासकीय औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालयातल्या भांडारपालाच्या गोपनीय अहवालात वरिष्ठांनी प्रतिकूल शेरा लिहिला. त्याने ॲट्रॉसिटीखाली फिर्याद दिली. तपास अधिकाऱ्याने मंजुरी मागितली, संचालकांनी ती नाकारली. त्या नकारातून उभे राहिलेले प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २० मार्च २०१८ च्या निकालाने कायद्याचे दातच काढले. २ एप्रिलला भारत बंद झाला, माणसे मेली, ऑगस्टमध्ये संसदेला कलम १८ए आणावे लागले आणि १ ऑक्टोबर २०१९ ला न्यायालयाने ते निर्देश मागे घेतले. हे सगळे एका भांडारपालाच्या कागदापासून सुरू झाले.

आता भरतीकडे येऊ. संविधानाचे कलम १६(४) पदांना लागते. पद एजन्सीकडे गेले की ते ‘सेवा’ होते आणि आरक्षण दारातच राहते. महाराष्ट्रात ६ सप्टेंबर २०२३ च्या शासन निर्णयाने नऊ एजन्सींना सरकारी कामासाठी माणसे पुरवायची मुभा दिली होती. तरुण रस्त्यावर आले, ऑक्टोबरमध्ये तो रद्द झाला. एजन्सीचे ऑपरेटर मात्र कार्यालयांतून गेलेले नाहीत. कर्नाटकाने मे २०२४ मध्ये बाह्यस्रोतांच्या नोकऱ्यांतही आरक्षण लागू केले, पण २० किंवा जास्त माणसे आणि ४५ दिवसांपेक्षा जास्त काम अशी अट ठेवून. तपास कार्यालयाला ऑपरेटर लागतात दोन-तीन. विभागाने एकत्र निविदा काढली तर आरक्षण मिळेल. तुकड्यातुकड्यांनी काढली तर गळून पडेल.

इथे आपल्यातलेच काही मित्र म्हणतात, कारकुनीसाठी कशाला भांडायचे, आपली पोरे डीवायएसपी, कलेक्टर व्हायला हवीत. व्हायलाच हवीत. पण साहेब सही करतो ती दुसऱ्याने लिहिलेल्या कागदावर. १९१७ मध्ये बाबासाहेब मोठ्या पदावर बडोद्याच्या कचेरीत बसले, तेव्हा शिपाई त्यांच्याकडे कागद लांबून टाकत. एकटा अधिकारी कचेरी बदलू शकत नाही. ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत त्यांनी इशारा दिला होता, की संविधानाचा शब्दही न बदलता केवळ प्रशासनाचे रूप बदलून ते विद्रूप करता येते. कंत्राटी टेबल हे तसेच बदललेले रूप आहे.

दुसरा आक्षेप माझ्यावरच येतो, आणि तो खरा आहे. मी बौद्ध आहे. माझ्या घरी बाबासाहेबांचा फोटो आहे. तरी ‘राहते घरी’ मीच टाइप केले. मग नुसत्या प्रतिनिधित्वाने काय होणार? माझे उत्तर असे आहे: त्या दिवशी रीडरला “शब्द आहेत तसेच लिहावे लागतील” म्हणायला मला कायदा माहीत हवा होता आणि उद्या नोकरी राहील याची खात्री हवी होती. माझ्याकडे दोन्ही नव्हते. ज्याला कधीही काढता येते असा आपला माणूस टेबलवर बसवणे म्हणजे प्रतिनिधित्व नव्हे.

इलेक्ट्रॉनिक सिटीत मला लोक सांगतात, थांब थोडी, टायपिंग आता मशीनच करेल. करू दे. पण मशीनला जुन्याच फाइली शिकवल्या तर ‘राहते घरी’ आणखी वेगाने छापले जाईल.

म्हणून मागणी साधी आहे. ॲट्रॉसिटीचा तपास करणाऱ्या कार्यालयांतली लिपिक आणि ऑपरेटरची पदे कायम आणि आरक्षणासह भरा. कलम ४ चे प्रशिक्षण साहेबाइतकेच टायपिस्टला द्या. कागदावर कुणी, कधी, काय बदलले याची नोंद ठेवा. पासवर्डसाठी ती ठेवता येते तर फिर्यादीसाठीही येते. वाचून दाखवतानाचे व्हिडिओ चित्रीकरण करा.

आणि हे होईपर्यंत आपल्या हातातले. कुणाच्याही सोबत ठाण्यात गेलात तर सहीआधी कागद मोठ्याने वाचा. जागा बरोबर आहे का? बोललेले शब्द जसेच्या तसे आहेत का? बघणाऱ्यांची नावे, दोघांच्या जाती आल्या आहेत का? प्रत हातात घेतल्याशिवाय उठू नका. एसटी चुकली तर चुकू द्या.

जय भीम.