पाटी फेकली जाते तेव्हा

हिवाळ्यातील सायंकाळचे पाच वाजले आहेत. सूर्यास्तापूर्वी जेवणे आटोपायची असल्याने स्वयंपाकघरात घाई आहे. बोईसरच्या दुकानात डबा वेळेवर पोहोचला नाही, तर घरातील कर्त्या पुरुषाला रात्री पाण्यावर राहावे लागेल. ओट्याशी पोळ्या लाटणारी आई मागे वळून साडेपाच वर्षांच्या मुलाला दुपारी अर्धवट राहिलेले ‘क’ चे वळण पुरे करायला सांगते आहे. मूल ‘नाही’ म्हणते. आई पुन्हा सांगते. तिसऱ्या वेळी पाटी भिंतीवर आदळते, आणि रांगत जवळ आलेल्या धाकट्या बहिणीच्या दंडावर दात उमटतात. आईचा हात उठतो. मग बराच वेळ घरात फक्त त्या तान्हीचे रडणे ऐकू येत राहते.

बेटेगावातील नव्या गृहसंकुलांपैकी एखाद्या घराचे हे चित्र म्हणून कल्पावे. तपशील थोडे बदलले तर ते कोणाचेही घर ठरेल. याच आईने वर्षापूर्वी मुलाला शाळेतून काढून घरी शिकवण्याचा निर्णय घेतला होता. पहाटेची बस, दारात होणारी रडारड आणि डब्यातल्या कंदमुळांची काळजी ही सांगण्याची कारणे होती. मनातले कारण मात्र एकच होते : मूल मायेने शिकावे. आज तिच्याच हाताचा वळ त्याच्या गालावर आहे. सासूबाई माळ बाजूला ठेवून म्हणतात, “त्याला शाळेत घाल बेटा, चार मुलांत राहिला की आपोआप सुधारेल.” त्या वाईट हेतूने बोलत नाहीत, आणि त्यांचे बोलणे सर्वस्वी चूकही नाही.

गृहशिक्षणाची कायदेशीर बाजू थोडक्यात पाहता येईल. २००९ चा शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. तो ६ ते १४ या वयोगटासाठी आहे आणि त्यात घरच्या शिक्षणाचा वेगळा उल्लेख नाही. मुलाला शाळेत दाखल करणे हे पालकांचे कर्तव्य त्यात सांगितले आहे, पण ते न पाळल्यास पालकांना दंड ठेवलेला नाही. पुढे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेमार्फत १४ वर्षे पूर्ण झाल्यावर दहावीची परीक्षा देता येते. याच कायद्याच्या १७ व्या कलमाने शाळेत मुलाला मारणे आणि त्याचा मानसिक छळ करणे यांवर बंदी आली. शाळेतून गेलेली छडी घरच्या शाळेत मात्र पोळपाटाशेजारी लाटण्याच्या रूपाने शिल्लक राहू शकते, ही गोष्ट गृहशिक्षण करणाऱ्यांनी लक्षात ठेवलेली बरी.

खरी अडचण अशी की या घरांना उंबरठा नसतो. शाळेतील मूल दिवसभर आवरून धरलेला राग घरी येऊन आईपुढे मोकळा करते. शिक्षिका एक, आई दुसरी. गृहशिक्षणात या दोघी एकाच देहात राहतात. मुलाला राग येतो तो ‘क’ चा, आणि तो निघतो आईवर. आईला वाईट वाटते ते मुलगा नाकारतो म्हणून, आणि ती चिडते शिक्षिका म्हणून. शाळेतील बाईंना घंटा सोडवते. हिला कोण सोडवणार?

यासाठी आपल्या पेढीवरचीच एक रीत उपयोगी पडते. तोटा कुठून होतो हे न पाहता कोणी शहाणा व्यापारी नोकरावर ओरडत नाही, तो आधी रोजमेळ उघडतो. पंधरा दिवस एका वहीत नोंदी ठेवाव्यात : मूल किती वाजता बिथरले, त्याआधी अर्ध्या तासात काय घडले होते, दुपारी झोप झाली होती का, पोटात शेवटचे अन्न केव्हा गेले, आणि पाटी फेकल्यावर त्याच्या पदरात काय पडले. शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा. वर कल्पिलेल्या घरात अशी वही ठेवली, तर बहुतेक नोंदी साडेचार ते सहा याच वेळेत सापडतील. दुपारची झोप नुकतीच सुटलेली आहे, एक वाजल्यापासून पोटात काही नाही, आई घाईत आहे आणि नेमका त्याच वेळी राहिलेला अभ्यास समोर येतो. शेवटच्या रकान्यात लिहावे लागेल : ‘पाटी फेकली, अभ्यास सुटला.’ म्हणजे मुलाने पाटी फेकण्याचा धडा पक्का शिकून घेतला आहे, आणि तो शिकवणारेही घरचेच आहेत.

यावरून उपाय दिसू लागतात. चार वाजता मुरमुरे, फळ किंवा दूध द्यावे. पाचनंतर अभ्यासाचे नावही काढू नये. धडा दहा मिनिटांचा असावा आणि मूल कंटाळण्यापूर्वी आईनेच तो मिटवावा. पाटी फेकलीच, तर आधी चावा बसलेल्या बहिणीला उचलावे, मोठ्याचा हात घट्ट पण न दुखवता धरावा आणि “चावू देणार नाही” एवढेच म्हणावे. वादळात प्रवचन ऐकू जात नाही. शांत झाल्यावर दोघांनी मिळून पाटी उचलावी, ‘क’ ची एकच रेघ ओढावी आणि तेथे थांबावे. पहिल्या आठवड्यात आरडाओरडा कमी होण्याऐवजी वाढेलही, कारण कालपर्यंत चालणारे नाणे आज का चालत नाही हे मूल पुन्हा पुन्हा वाजवून पाहते. अशा वेळी घरातील एकाने नमते घेतले की सगळ्यांची मेहनत वाया जाते, आणि नमते घेणारी व्यक्ती बहुधा आजोबा असतात.

तरी मूळ प्रश्न उरतोच : मूल पाटीकडे येतच नसेल तर काय करावे? याचे उत्तर शोधायला बेटेगावाहून फार दूर जावे लागत नाही. रेल्वेने उत्तरेकडे वाणगाव, डहाणू रोड ओलांडले की घोलवड येते, आणि त्याच परिसरात बोर्डी व कोसबाड आहेत. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीत ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ तेथे त्यांना येऊन मिळाल्या, आणि पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. गावातील दलित वस्तीची आणि वारली पाड्यांवरची मुले बालवाडीत येत नाहीत, असा अनुभव आल्यावर या दोघींनी मुलांना दोष दिला नाही. बालवाडीच उचलून वस्तीच्या अंगणात नेली, आणि अंगणवाडी हा शब्द तिथून पुढे देशभर गेला. जी मुले गुरे राखायला जात, त्यांच्यामागे शिक्षक कुरणात गेले आणि कुरणशाळा उभी राहिली. महागड्या माँटेसरी साधनांऐवजी बिया, शिंपले, पाने आणि खडे वापरले गेले.

ताराबाईंना ही दृष्टी लाभली भावनगरला, गिजुभाई बधेका यांच्या सहवासात. गिजुभाई मूळचे वकील. स्वतःच्या मुलाला कसे शिकवावे या विचारातून ते माँटेसरीबाईंच्या ग्रंथांपर्यंत पोहोचले, आणि १९२० मध्ये दक्षिणामूर्ती बालमंदिर सुरू झाले. वकिली सोडून मुलांत रमलेल्या या गृहस्थाला गुजरातने ‘मूछाळी मा’, म्हणजे मिशीवाली आई, म्हटले. आमचा वेळ दुकानात जातो, असे सांगणाऱ्या वडिलांनी हे बिरुद एकदा मनाशी उच्चारून पाहावे.

बेटेगावच्या घरात कुरण नसेल, पण बोईसरला हार्डवेअरचे दुकान आहे. दुपारी गर्दी नसताना तासभर मुलाला वडिलांजवळ बसवले, आणि मोठे नट-बोल्ट जाडीप्रमाणे वेगळे करायला, वॉशर दहा-दहाच्या ढिगांत मांडायला दिले, तर बोटांना जी शक्ती व नेमकेपणा येतो तोच पुढे ‘क’ ला उपयोगी पडतो. साडेपाचव्या वर्षी अनेक मुलांची बोटे लेखणीला तयार नसतात. आईला ते आळस वाटते, मुलाला ते अपमान वाटते. घरात मूग निवडणे, पोळीची गोळी लाटणे आणि बहिणीचे कपडे घड्या घालणे हीही याच शाळेची कामे होत. आणि रोज ४८ मिनिटे आजींनी नातवाला घेऊन खाली बागेत जावे, म्हणजे सूनबाईंची सामायिक तरी निर्विघ्न होईल. मोबाईल हातात देऊन मिळवलेली शांतता यात धरलेली नाही.

एक बाब मात्र बहुतेकांच्या नजरेतून सुटते. २०१३ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाड्या आणि सरकारी शाळांतील मुलांची तपासणी वैद्यकीय पथके करतात. घरी शिकणारे मूल या दोन्ही याद्यांत नसते. त्याला कमी ऐकू येते का, दूरचे धूसर दिसते का, वाढलेल्या अ‍ॅडिनॉइडमुळे रात्री झोप मोडते का, हे विचारायला कोणी दारात येणार नाही. हाक मारल्यावर वळत नसेल, बोलणे परक्यांना समजत नसेल, स्वतःला इजा करून घेत असेल किंवा आधी येत असलेल्या गोष्टी विसरू लागले असेल, तर वही बाजूला ठेवून बालरोगतज्ज्ञांकडे जावे आणि कान व डोळे तपासून घ्यावेत. ‘हट्टी’ ठरवलेले मूल कधीकधी केवळ न ऐकू येणारे निघते.

सासूबाईंच्या म्हणण्याचाही मोकळ्या मनाने विचार व्हावा. आई खचली असेल, घरात दुसरा हात नसेल, मुलाला सवंगड्यांची ओढ असेल, तर जूनमध्ये शाळेत नाव घालण्यात हार कसली? गृहशिक्षण हे काही पच्चक्खाण नव्हे की घेतले म्हणून मोडता येत नाही. शाळेत घालून संध्याकाळी नट-बोल्ट मोजता येतात, आणि घरी शिकवूनही मारता येते.

त्या सायंकाळी डबा दहा मिनिटे उशिरा निघाला. आईने गॅस बंद केला, मुलाजवळ जमिनीवर बसली आणि म्हणाली, “मी मारले, ते चुकले. तू चावलास, तेही चुकले.” मुलाने उत्तर दिले नाही. थोड्या वेळाने तो कपाटाखाली वाकून पाटीचा तुकडा शोधू लागला.