मोजा, मग बदला!

दिवाळी सरली, धान घरात आले की आमच्या झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम सुरू होतो. रात्रभराच्या त्या प्रयोगाची सारी भिस्त माईकवर. आवाज घरघरू लागला की प्रेक्षक ओरडतात आणि कारागीर घाईघाईने मिक्सरमधली आयसी बदलतो. पुष्कळदा ती बिचारी निर्दोष असते!

कला शाखेच्या विद्यार्थ्याला ही उठाठेव कशाला, असे कुणी म्हणेल. घरातून कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. पण पुराव्याशिवाय दोष देऊ नये, हा तर्कशास्त्राचा धडा मला आठ पायांच्या ऑप-ॲम्पमध्ये दिसतो. ७४१ ही आयसी १९६८ साली आली. ४५५८ आजही अनेक मिक्सरांत सापडते. नियम एकच: काम सुरळीत असेल तर दोन्ही इनपुटांवर जवळजवळ सारखाच व्होल्टेज मिळतो.

म्हणून आधी मीटर लावावा. धन १५ आणि ऋण १५ व्होल्ट हवे तिथे एक बाजू गळाली असेल, तर दोष सप्लायचा. शंभर हर्ट्झची घरघर असेल, तर सप्लायचा फिल्टर कपॅसिटर सुकला असावा. सप्लाय ठीक आहे, पण आउटपुट इनपुटांच्या हुकमाविरुद्ध एका टोकाला चिकटले आहे, तेव्हाच आयसी बदलावी.

माझे मत असे की, राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात रस्त्यासोबत गावचा ॲम्प्लिफायरही दुरुस्त व्हावा. तिथे गावचा कारागीर आपला गुरू होईल आणि मीटर आपण नेऊ. रंगभूमीची सेवा पडद्यामागूनही घडते.