नगरच्या खडीवर गिअर तारेचाच

डांबरी रस्त्यावरची बारीक टायरांची शर्यतीची सायकल आणि डोंगरवाटांवरची जाड टायरांची सायकल ह्या दोहोंच्या मधोमध बसणारा, ग्रॅव्हल बाइक म्हणून ओळखला जाणारा जो सायकलचा प्रकार गेल्या काही वर्षांत आपल्याकडे रुजू लागला आहे, त्याला अहिल्यानगर जिल्ह्याइतकी अनुकूल भूमी महाराष्ट्रात क्वचितच सापडेल. सतरा हजार चौरस किलोमीटरांहून अधिक विस्ताराचा, क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठा असा हा जिल्हा. त्याच्या पश्चिम टोकाला अकोले तालुक्यात १६४६ मीटर उंचीचे कळसूबाई, भंडारदऱ्याचा जलाशय आणि त्या जलाशयाला वळसा घालून रतनवाडी-घाटघराकडे जाणारी वाट; मध्यभागी प्रवरा आणि मुळा ह्या नद्यांच्या पाटांचे जाळे आणि त्या पाटांच्या कडेने, उसाच्या फडांमधून, मैलोन्‌मैल जाणारे मुरमाचे रस्ते; आणि दक्षिणेस पारनेर, श्रीगोंदे, कर्जत, जामखेड ह्या अवर्षणप्रवण तालुक्यांतील उघडे माळ. २०२३ साली निळवंड्याच्या डाव्या कालव्यातून पाणी सुटले आणि त्या कालव्याच्या कडेचा रस्ताही सायकलस्वारांच्या नकाशावर आला. ज्या देशांत अशी सायकल जन्माला आली तेथील लोक खडीचे रस्ते शोधत शेकडो मैल मोटारीने जातात. आपल्याकडे ते उंबरठ्याशीच सुरू होतात.

अशी सायकल घेऊ पाहणाऱ्या माणसासमोर दुकानदार आज जो प्रश्न ठेवतो तो असा, की गिअर तारेचा घ्यावा की विजेवर चालणारा घ्यावा. दोहोंच्या किमतीत इतके अंतर असते, की त्यात एखादी साधी सायकल सहज यावी. आणि तरीही वीजवाल्या गिअरची स्तुती इतक्या आत्मविश्वासाने केली जाते, की तारेचा गिअर मागणाऱ्या गिऱ्हाइकाला आपण काही कमी प्रतीची वस्तू घेत आहोत असे वाटू लागते. ते तसे मुळीच नाही, एवढेच सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच आहे. नगर जिल्ह्यातील खडीच्या रस्त्यांवर, स्वतःच्या पैशाने आणि स्वतःच्या जबाबदारीवर सायकल चालविणाऱ्या सामान्य सायकलस्वाराने तारेचाच गिअर घ्यावा, असे माझे निश्चित मत आहे.

दोन्ही यंत्रांची रचना थोडक्यात पाहू. तारेच्या गिअरमध्ये हँडलवरील शिफ्टर दाबला की आतील दातेरी चकती एक घर पुढे सरकते, सव्वा मिलिमीटरपेक्षाही बारीक अशी पोलादी तार ठरावीक लांबीने ओढली जाते आणि मागचा डिरेलर साखळीला एका दातेरी चाकावरून शेजारच्या चाकावर नेऊन ठेवतो. सारे काम बोटांच्या बळावर चालते. विजेच्या गिअरमध्ये शिफ्टर ही केवळ कळ असते; ती दाबताच संदेश जातो आणि डिरेलरच्या पोटातील चिमुकली मोटर साखळी सरकविते. शिमानो कंपनीने आपली डीआय-टू ही पद्धती २००९ साली विक्रीस आणली, स्रॅम कंपनीने २०१५ साली संदेश नेणाऱ्या विजेच्या ताराही पूर्णपणे काढून टाकल्या; आणि खास खडीच्या रस्त्यांसाठी म्हणून शिमानोने जीआरएक्स नावाचा जो संच २०१९ साली काढला, त्यात तारेचा आणि विजेचा असे दोन्ही प्रकार पहिल्यापासून ठेवले. २०२३ साली बारा गिअरांचा नवा संच आला तोही आधी तारेचा आला, विजेचा त्यानंतर. ज्यांनी विजेचा गिअर जगभर नेला त्यांनीच तारेचा गिअर मोडीत काढलेला नाही, ही गोष्ट गिऱ्हाइकाने ध्यानात ठेवावी.

नव्याला विरोध करण्याची एक जुनी परंपरा सायकलच्या जगात आहे. फ्रान्सची सुप्रसिद्ध शर्यत भरविणारे आंरी देग्रांज ह्यांना गिअर बदलणे म्हणजे पुरुषार्थाला कमीपणा वाटत असे, आणि त्यांच्या शर्यतीत डिरेलर वापरण्याची मुभा स्पर्धकांना मिळाली ती १९३७ साली, म्हणजे सामान्य प्रवासी सायकलस्वार घाट चढताना गिअर सर्रास वापरू लागल्यानंतर कितीतरी वर्षांनी. माझा पक्ष त्या जातीचा नाही. कष्ट हेच भूषण मानणाऱ्यांपैकी मी नव्हे. आणि हा जिल्हाही यंत्राला बिचकणारा नाही. लष्कराच्या वाहनांवर संशोधन करणारी प्रयोगशाळा नगरला आहे. साऱ्या देशात फिरलेली कायनेटिकची लुना ह्याच नगरच्या कारखान्यातून बाहेर पडत असे, आणि तीच लुना २०२४ साली विजेवर चालणारी होऊन परत आली. विजेशी भांडण असण्याचे कारणच नाही. पण लुना खेड्यापाड्यांत पोहोचली ती केवळ स्वस्त होती म्हणून नव्हे. तिचा सुटा भाग तालुक्याच्या गावी मिळे आणि ती खोलून जोडणारा माणूस त्याहीपेक्षा जवळ मिळे, म्हणून ती तेथे टिकली.

विजेच्या गिअरवर घेतला जाणारा नेहमीचा आक्षेप बॅटरीचा असतो, आणि तो मला पटत नाही. ज्या वाडीवर वीज पोहोचली आहे, ज्या घरी मोबाइल रोज रात्री चार्जिंगला लागतो, त्या घरी सायकलची बॅटरी लावण्यास काही अडचण नाही. शिमानोची बॅटरी एकदा भरली की सर्वसाधारणपणे हजार किलोमीटरांच्या आसपास चालते. स्रॅमच्या बॅटऱ्या दोन्ही डिरेलरांना सारख्याच बसतात, त्यामुळे मागची संपली तर पुढची काढून तेथे लावता येते. विजेच्या गिअरचे गुणही मोकळेपणाने मान्य केले पाहिजेत. तारेच्या आऊटरमध्ये, म्हणजे बाहेरच्या नळीत, पारनेरच्या माळावरची धूळ शिरते, इनर, म्हणजे आतली तार, जड चालू लागते, गिअर नेमका बसेनासा होतो. विजेच्या गिअरला हे दुखणेच नाही. एकदा जुळविला की तो पहिल्या दिवशी जसा बदलतो तसाच सहा महिन्यांनीही बदलतो. ज्यांच्या बोटांत बळ कमी आहे, ज्यांना संधिवात आहे, ज्यांचा एखादा हात अधू आहे, त्यांच्यासाठी तर ती बोटाच्या हलक्या स्पर्शाने चालणारी कळ म्हणजे सायकल चालू राहणे आणि सुटणे ह्यांतला फरक आहे. अशा माणसाने ऐपत असल्यास विजेचाच गिअर घ्यावा. त्याला माझा हा लेख लागू नाही. शर्यतीत उतरणाऱ्यांचीही गोष्ट वेगळी, कारण त्यांच्यामागे सुटे भाग घेऊन कोणीतरी उभे असते.

इतरांनी विचार करावयाचा तो यंत्र कसे चालते ह्याचा नव्हे, तर ते बिघडते कसे ह्याचा. तारेचा गिअर एकाएकी दगा देत नाही. आधी तो एका दात्यावर कुरकुरतो, मग चढावर साखळी उडी मारते, मग शिफ्टर जड लागतो. ह्या प्रत्येक पायरीवर स्वाराला सूचना मिळते, आणि बहुतेक वेळा डिरेलरपाशी असलेली गोल घुंडी पाव फेरा फिरवली की काम भागते. तार तुटलीच तरी उपाय आहे. तार सुटली की डिरेलर सर्वांत लहान दातेरी चाकावर, म्हणजे सर्वांत जड गिअरवर जाऊन बसतो आणि घाट चढणे अशक्य होते. पण तार जर शिफ्टरच्या बाजूला तुटली असेल आणि सायकलच्या बाहेरून गेलेली असेल, तर तिचे उरलेले टोक हाताने ओढून, साखळी मधल्या दात्यावर आणून, ते टोक पाण्याच्या बाटलीच्या स्टँडच्या स्क्रूखाली आवळून ठेवता येते. गिअर मग एकच राहतो, पण तो चढण्याजोगा असतो, आणि रतनवाडीहून राजूरपर्यंत माणूस आपल्या पायांवर पोहोचतो. ह्यासाठी लागते ते एक षट्कोनी पान्ह्यांचे पुडके आणि थोडे डोके.

विजेच्या गिअरमध्ये ह्या मधल्या पायऱ्याच नाहीत. तो चालतो तेव्हा निर्दोष चालतो. आणि मोटर, जोडणी किंवा आतील इलेक्ट्रॉनिक भाग बिघडला, तर काय बिघडले हे डोळ्यांना दिसत नाही आणि पान्ह्याला कळत नाही. त्यासाठी मोबाइलमधील ॲप लागते, त्या ॲपला कंपनीचा पाठिंबा लागतो आणि शेवटी बहुधा तो भागच बदलावा लागतो. मागचा विजेचा डिरेलर तारेच्या डिरेलरच्या कित्येक पट महाग असतो आणि जिल्ह्यातल्या दुकानात तो तयार मिळेल ही अपेक्षा धरण्यात अर्थ नाही. शिवाय आज घेतलेल्या पद्धतीचे सुटे भाग पुढेही मिळतील ह्याची हमी कोण देणार? शिमानोच्या २००९ सालच्या पहिल्या डीआय-टूच्या जोडण्या त्याच कंपनीच्या नंतरच्या जोडण्यांशी जुळत नाहीत. तीस वर्षांपूर्वीच्या शिमानोच्या शिफ्टरमध्ये मात्र आजची बाजारातली तार निमूट बसते.

येथे तारेच्या बाजूने बोलणाऱ्यांनीही एक गोष्ट सांगितली पाहिजे, जी सहसा सांगितली जात नाही. तारेचा गिअर खेड्यातल्या कोणत्याही दुकानात दुरुस्त होतो, हे विधान जसेच्या तसे खरे नाही. अकोल्यात, पाथर्डीत किंवा जामखेडला जे सायकलचे दुकान असते तेथे पंक्चर निघते, चाकाचा आऊट निघतो, ब्रेकवायर मिळते. पण ब्रेकची तार जाड असते, तिच्या टोकाची घुंडीही निराळी, आणि ती गिअरच्या शिफ्टरमध्ये बसत नाही. त्यातही वाकड्या हँडलच्या सायकलींत तार तुटते ती बहुधा शिफ्टरच्या आत, घुंडीपासून दोन बोटांवर, जेथे ती गिअरगणिक वळते आणि सरळ होते. तेथे तिचे एकेक बारीक सूत तुटत जाते, ते बाहेरून दिसत नाही, आणि अखेर पिळाचे तुटके टोक आत अडकून बसले तर चिमटीने एकेक सूत उपसून काढावे लागते. म्हणून शिफ्टर नेहमीपेक्षा जड लागू लागला किंवा गिअर वारंवार जुळवावा लागू लागला, की तार तुटण्याची वाट न पाहता ती बदलावी, आणि एक नवी इनर नेहमी पिशवीत असावी. तिची किंमत नगण्य आणि वजन त्याहून नगण्य. दुकानदाराकडे तार नसली तरी तार कशी ओढावी आणि स्क्रू कसा आवळावा हे ज्ञान त्याच्या हातात असते; तार आपण नेली की उरलेले काम तो करतो.

खरा धोका तारेचा नाही आणि बॅटरीचाही नाही. तो आहे काळ्या मातीचा. नेवासे, शेवगाव, राहुरी, श्रीरामपूर ह्या पट्ट्यातील काळी माती पावसाच्या एका सरीनंतर टायरला अशी धरते, की चाक फ्रेममध्ये फिरेनासे होते, आणि तो चिखल साखळीबरोबर डिरेलरमध्ये गेला की डिरेलर फिरून चाकाच्या आऱ्यांत शिरतो, तो ज्यावर टांगलेला असतो तो हँगर मोडतो आणि कधी डिरेलरही जातो. २०२३ साली अमेरिकेतील कॅन्सस राज्यात अनबाउंड नावाची जी मोठी ग्रॅव्हल शर्यत झाली, तिच्यात चिखलाने अशाच कित्येक सायकली मोडल्या, आणि त्यांत उत्तमोत्तम विजेचे गिअर होते. चिखल गिअरची जात पाहत नाही. मग जो भाग मोडण्याचा संभव आपल्या जिल्ह्यात दर पावसाळ्यात आहे, तो स्वस्तातला असावा हा साधा व्यवहार झाला. काळ्या मातीत साखळीने आवाज केला की उतरावे, काडीने माती काढावी आणि सायकल खांद्यावर घ्यावी. ह्याला दुसरा इलाज नाही.

एक शंका येथे येईल. तारेच्या गिअरबरोबरही आता हायड्रॉलिक ब्रेक येतात आणि त्यांचे तेल खेड्यात कोठे भरावयाचे, मग गिअर तेवढा साधा ठेवून काय साधले? शंका रास्त आहे. पण बंद नळीतील तेलाचे ब्रेक वर्षातून एकदा पाहिले तरी निभावतात, आणि घाटघराच्या पावसात उतारावर ते जो भरवसा देतात त्याची बरोबरी तारेचे ब्रेक करू शकत नाहीत. जेथे गुंतागुंतीने जीव वाचतो तेथे ती स्वीकारावी. गिअर बदलण्याच्या कामी तेवढे कारण मला दिसत नाही.

तारेचा गिअर घेणाऱ्याने मात्र त्याचा शिरस्ता पाळला पाहिजे. पावसाळा उलटला, माळावरची माती वाळली आणि घरोघर खंडेनवमीला अवजारे पुसूनधुऊन पूजेला मांडली गेली, की त्याच सुमारास इनर आणि आऊटर दोन्ही बदलावीत. आऊटर कापल्यावर त्याचे तोंड सपाट करून घ्यावे, त्यावर टोपी बसवावी, नवी तार ओढून एकदा ताणून सैल करावी आणि पुन्हा आवळावी. हे काम एका सकाळी शिकता येते आणि पुढे जन्मभर पुरते. ज्याला हे शिकण्याची इच्छाच नाही, त्याने विजेचा गिअर घेतला तरी तो कळसूबाईच्या पायथ्याशी एकदा अडकून पडणारच.

ह्या जिल्ह्यातील सायकल विक्रेत्यांकडे माझे एवढेच मागणे आहे. नगर, संगमनेर आणि श्रीरामपूर येथील दुकानांत महागड्या सायकली काचेआड उभ्या करण्यापूर्वी गिअरची इनर, आऊटर, त्यांच्या टोप्या आणि विकलेल्या प्रत्येक सायकलचा हँगर हा माल कायम शिल्लक ठेवण्याची तजवीज करावी. हँगर सायकलगणिक निराळा असतो आणि तो नसेल तर तारेची काय नि विजेची काय, कोणतीच सायकल रस्त्यावर येत नाही; तेव्हा सायकल विकतानाच एक जादा हँगर गिऱ्हाइकाच्या हाती द्यावा. आणि नवी सायकल घेणाऱ्याने गिअरमध्ये वाचलेले पैसे चाळीस-पंचेचाळीस मिलिमीटर रुंदीच्या चांगल्या टायरांवर खर्च करावेत. नगरच्या मुरमावर त्यांचा उपयोग कोणत्याही मोटरपेक्षा अधिक आहे.