दप्तर लोकांसाठी उघडं हवं

संग्रामपूरच्या शेतकऱ्यानं वाटणीच्या दाव्याची पुढची तारीख विचारायला दिवसाची मजुरी का बुडवावी? ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर महाराष्ट्र आणि मग बुलढाणा जिल्हा निवडून पक्षकाराचं नाव व वर्ष टाकलं, की तारीख, आदेश, निकाल समोर येतात. प्रत्येक प्रकरणाचा सोळा अंक-अक्षरांचा सीएनआर क्रमांक असतो. तो वकिलाकडून लिहून घ्याच, मग नावांच्या स्पेलिंगचा घोळ उरत नाही.

पोलिसांच्या बाबतीत 7 सप्टेंबर 2016 रोजी सर्वोच्च न्यायालयानं आदेश दिला: एफआयआर 24 तासांत संकेतस्थळावर टाका. लैंगिक गुन्हे, दहशतवाद अशी संवेदनशील प्रकरणं त्यातून वगळली, ते योग्यच झालं. फिर्यादीला प्रत मोफत मिळणं हा तर कायद्यानं दिलेला हक्क आहे. त्यासाठी ठाणेदाराची मनधरणी करायची गरज नाही.

खरी दमछाक होते जुन्या कागदांपायी. नक्कल विभागात अर्ज, त्यावर कोर्ट फी स्टॅम्प, आणि तुम्ही पक्षकार नसाल तर नक्कल कशासाठी हवी याचा खुलासा. या अर्जाचा मराठी नमुना खामगाव, मेहकर, मलकापूर, जिथं जिथं कोर्ट आहे तिथं दारातच लावावा, ही आमची जिल्हा न्यायालयाकडे मागणी आहे.