आधी इतर पुरावे आणा

'संशय असेल तर पतीने डीएनए चाचणी मागावी, निकाल लागेल' हे मागील अंकातील पत्रलेखकाचे मत मला मुळीच पटत नाही. विवाह टिकून असताना जन्मलेले मूल कायद्याने पतीचेच असते. त्याला ते नाकारायचे असेल, तर गर्भधारणेच्या काळात दोघांचा संबंध येणे शक्यच नव्हते, हे सिद्ध करावे लागते (भारतीय साक्ष अधिनियम, कलम ११६).

पुण्याच्या कौटुंबिक न्यायालयाने दिलेला चाचणीचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २० फेब्रुवारी २०२३ रोजी रद्द केला. भांडण आईवडिलांच्या घटस्फोटाचे, मूल त्यात पक्षकारही नव्हते! २०१४ मध्ये विदर्भातील पोटगीच्या खटल्यात चाचणी ग्राह्य धरली गेली खरी. पण तिथे न्यायालयाच्या आदेशाने झालेले अहवाल आधीच समोर होते. शाळकरी मुलाला रक्ताच्या नमुन्यासाठी प्रयोगशाळेत बसवण्याआधी पतीने व्यभिचाराचे इतर पुरावे न्यायालयात आणावेत.

– एक वाचक, पंचवटी, नाशिक