बाहुली चुकते, तेव्हा मुलं बोलतात

"टीचर, पढाई छोडके ये गुड्डी का खेल कायकू?"

वर्गाच्या दारात उभं राहून एका पालकाने मला हा प्रश्न विचारला. आवाज चढलेला नव्हता, पण नाराजी लपत नव्हती. सहावीतल्या त्यांच्या मुलीने घरी सांगितलं होतं की मराठीच्या तासाला वर्गात एक बाहुली येते आणि ती बोलते. त्यांच्या दोन तक्रारी होत्या. पहिली, मुलगी शाळेत शिकायला येते, तमाशा बघायला नाही. दुसरी, पुतळे, बाहुल्या हे आपल्यात चालत नाही. थोड्याफार फरकाने हेच मी आमच्या स्टाफरूममध्येही ऐकलं आहे. हसण्यावारी नेण्यासारख्या या तक्रारी नाहीत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत उर्दू आणि मराठी असे दोन्ही विषय शिकवते. आमच्या बहुतेक मुलांची घरची बोली यातली कुठलीच नाही. घरात दखनी. उर्दूच्या तासाला मूल 'नक्को' म्हणालं की आम्ही त्याला 'नहीं चाहिए' म्हणायला लावतो. गंमत अशी की हा 'नक्को' दखनीने मराठीकडूनच घेतलेला. म्हणजे मराठी त्यांच्या जिभेवर आधीपासून आहे, पण मराठीच्या तासाला तीच मुलं तोंड उघडत नाहीत. 'शाळा'ची 'शाला' होते, 'बाळ'चं 'बाल' होतं, मागच्या बाकावरून कुणीतरी फिस्सकन हसतं आणि ते मूल पुढचे सहा महिने गप्प.

लेखी परीक्षेत ही मुलं पास होतात. निबंध पाठ असतो, पत्राचा मायना पाठ असतो. पण एसटी स्टँडवर चौकशी करायची, तलाठ्याकडे दाखला मागायचा, बँकेत फॉर्म भरायचा, की शेजारच्या कुणालातरी पुढे करतात. दहावीनंतर ज्युनिअर कॉलेजात मराठी माध्यमातल्या मुलांशेजारी बसतात, तेव्हा ही भीती दप्तरातून सोबत जाते. मग बाहेरचे म्हणतात, 'यांना मराठी शिकायचंच नसतं.' मी रोज त्यांच्यासमोर उभी असते. त्यांना शिकायचं असतं. फक्त हसं करून घ्यायचं नसतं.

यावर तोडगा म्हणून मी नगीना आणली. एक जुना मोजा, डोळ्यांच्या जागी दोन बटणं आणि डोक्यावर काळ्या लोकरीचे केस.

शब्दभ्रम ही कला आपल्याकडे नवी नाही. तात्या विंचूला घाबरून रात्री पाणी प्यायलासुद्धा न उठलेली आमची पिढी. १९९३च्या 'झपाटलेला'मधला तो बाहुला रामदास पाध्यांनी बनवलेला. लिज्जत पापडाच्या जाहिरातीतला ससाही त्यांचाच. आणि त्यांचे वडील य. के. पाध्ये यांनी जन्माला घातलेला अर्धवटराव तर शंभरी ओलांडून गेला, तरी अजून पाहुण्यांची फिरकी घेतो. लहानपणी मला वाटायचं, हे लोक आवाज 'फेकतात'. आवाज कुठेही फेकला जात नाही. तो बोलणाऱ्याच्याच तोंडातून येतो. आपले डोळे हलतं तोंड शोधतात आणि कान त्यांच्यावर विश्वास ठेवतात. थिएटरात आवाज स्पीकरमधून येत असतो, तरी तो पडद्यावरच्या नटाच्या ओठांतून आल्यासारखा वाटतो ना, तसंच हे.

खरी अडचण अक्षरांची. ओठ न हलवता क, च, त, न सगळं म्हणता येतं. प, फ, ब, भ, म म्हणायला मात्र ओठाला ओठ लावावा लागतो. उर्दूत सांगायचं तर बे, पे आणि मीम. आरशासमोर सराव करताना माझ्या लक्षात आलं की 'आई' हा शब्द ओठ ढिले सोडून सहज म्हणता येतो. 'अम्मी' आणि 'अब्बा' अडतात. नानी, दादी, खाला चालतात. भाई आणि फुफी चालत नाहीत. मुरलेले शब्दभ्रमकार 'म'च्या जागी 'न'च्या जवळचा, 'ब'च्या जागी 'द'च्या जवळचा आवाज इतक्या सफाईने काढतात की वाक्याच्या ओघात आपण योग्य अक्षर आपणच ऐकून घेतो. माझ्याकडे ती सफाई नाही. म्हणून बाहुलीचं नाव तरी धड घेता यावं, एवढ्यासाठी 'नगीना' ठेवलं. त्यात एकही ओठाचं अक्षर नाही.

पहिल्याच दिवशी नगीना म्हणाली, "नाझं नाव नगीना. नी नराठी शिकते."

वर्ग खदखदून हसला. मग कुणीतरी ओरडलं, "नराठी नाही, मराठी!" दुसरा म्हणाला, "मी म्हण, मी!" नगीनाने पुन्हा 'नी' म्हटलं. पाच मिनिटांत चाळीस मुलं एका मोज्याला मराठी शिकवत होती. ज्यांनी वर्षभरात माझ्याशी मराठीत एक वाक्य बोललं नव्हतं, तीसुद्धा. माझा कच्चेपणा माझ्या कामी आला. पुढे मी तो मुद्दाम वापरू लागले. नगीना 'शाला' म्हणते, 'माझा पुस्तक' म्हणते, 'मेरेकू पाणी पाहिजे' म्हणते. मुलं दुरुस्त करतात. दुरुस्त करायचं तर बरोबर काय ते आधी स्वतः म्हणावं लागतं. आणि हसू येतं ते नगीनाच्या चुकीचं. कुठल्या मुलाचं नाही.

पहिल्या तक्रारीला माझं उत्तर हेच आहे. हा अभ्यास सोडून केलेला खेळ नाही. आम्हा शिक्षकांची खोड अशी की आम्ही सदैव बरोबर असतो. चूक करण्याचं काम एकट्या मुलांच्या वाट्याला येतं. बाहुली ते काम स्वतःकडे घेते.

सहकाऱ्यांनाही एक सांगायचं आहे. 'आपल्याला काही ते ओठ न हलवता बोलणं जमणार नाही,' असं म्हणून मागे हटू नका. अमेरिकेत एडगर बर्गन आणि त्यांचा बाहुला चार्ली मॅकार्थी १९३७पासून कित्येक वर्षं गाजत राहिले, ते रेडिओवर! तिथे ओठ बघणार कोण? लोकांना चार्लीचा स्वभाव आवडत होता. शारी लुईस यांची मुलांमध्ये लाडकी झालेली 'लँब चॉप' ही मेंढीदेखील मोज्याचीच बाहुली. बाहुलीला स्वभाव द्या. ती बोलते तेव्हा तिच्याकडे बघा, म्हणजे मुलंही तिच्याकडेच बघतील. तुम्ही बोलत असताना तिला तुमच्याकडे बघायला लावा, निर्जीव लटकू देऊ नका. एवढं जमलं तर ओठांकडे कुणी ढुंकूनही बघत नाही.

आता दुसरी तक्रार. प्रतिमांबाबत आपल्या धर्मात कडक इशारे आहेत, हे मी नाकारत नाही. या विषयात मी आलिमा नाही, शिक्षिका आहे. पण जे वाचलं ते सांगते. हजरत आयेशा (रजि.) बाहुल्यांशी खेळत, त्यांच्या मैत्रिणी खेळायला येत, आणि प्रेषितांना (स.) त्यात वावगं वाटलं नाही, हे सही बुखारीत आहे. त्यांच्या खेळण्यांत कापडी पंखांचा एक घोडा होता. घोड्याला पंख कसे, असं प्रेषितांनी (स.) विचारलं. सुलेमान अलैहिस्सलाम यांच्या घोड्यांना पंख होते हे आपण ऐकलं नाही का, असं त्या म्हणाल्या, आणि प्रेषित (स.) मनापासून हसले. ही हकिकत अबू दाऊदमध्ये येते. आशूऱ्याच्या रोजाला भुकेने रडणाऱ्या मुलांना रमवण्यासाठी सहाबांच्या घरातल्या बायका लोकरीची खेळणी करून देत, हेही हदीसमध्ये नोंदलेलं आहे. याच आधारावर अनेक उलमा मुलांच्या खेळण्यांना मोकळीक देतात. काहींचं मत वेगळं आहे, तेही मला ठाऊक आहे.

मुस्लिम समाजांना बाहुल्या परक्या आहेत, हे तर अजिबात खरं नाही. तुर्कस्तानातला करागोझ हा सावलीच्या बाहुल्यांचा खेळ रमजानच्या रात्री रंगायचा. २००९ साली युनेस्कोने त्याची अमूर्त सांस्कृतिक वारसा म्हणून नोंद घेतली. इंडोनेशियात जावा बेटावर लाकडी बाहुल्यांतून अमीर हमजांच्या कथा सांगितल्या जातात. ज्यांची दास्तान आपण उर्दूत वाचतो, तेच हे अमीर हमजा.

माझी स्वतःची काळजी मात्र तिसरीच आहे, आणि ती या पालकांनी विचारलीच नाही. बाहुलीच्या तोंडी आपण घालतो काय?

बाहुलीला सगळं माफ असतं. माणसाने म्हटलं तर भांडण होईल, तेच बाहुलीने म्हटलं की टाळ्या पडतात. अर्धवटरावांचा आगाऊपणा आपल्याला आवडतो तो यामुळेच. पण या सवलतीचा गैरवापरही सोपा आहे. एका वाढदिवसाच्या कार्यक्रमात मी पाहिलं. कलाकाराच्या हातातल्या माकडाने पहिल्या रांगेतल्या सावळ्या मुलाला 'कोळसा' म्हटलं. सगळे हसले. तो मुलगाही हसला. थोड्या वेळाने तो उठून मागे, आईजवळ जाऊन बसला. नंतर कुणी विचारलं असतं तर कलाकार म्हणाला असता, 'मी कुठे, माकड म्हणालं.'

जेफ डनहॅम या अमेरिकन शब्दभ्रमकाराचा 'अहमद' नावाचा बाहुला जगभर प्रसिद्ध आहे. फेटा बांधलेला सांगाडा, आत्मघाती हल्लेखोर. २००७च्या एका कार्यक्रमातून तो गाजला. कार्यक्रम मोठ्यांचा, पण त्याचे तुकडे मोबाइलवर आमची मुलंही बघतात. एका मुलाने मला ते हसत हसत दाखवलं. त्याचं स्वतःचं नाव अहमद आहे. मी काय बोलावं ते मला सुचलं नाही. आपल्या नावाने, आपल्या तोंडी, दुसऱ्याच कुणी शब्द घातलेले ऐकणं म्हणजे काय, हे आपल्याला नव्याने शिकायला नको. म्हणूनच आपल्या हातातल्या बाहुलीच्या तोंडून कुणाचा रंग, कुणाचं तोतरेपण, कुणाची जात, कुणाचा धर्म निघता कामा नये. नगीना हसते ती स्वतःवर. फार तर माझ्या चष्म्यावर.

त्या पालकांना मी म्हटलं, "आलाच आहात तर तास संपेपर्यंत बसा." ते मागच्या बाकावर अवघडून बसले. त्या दिवशी नगीनाला हातात घालायची पाळी त्यांच्याच मुलीची होती. जून महिन्यापासून मराठीत एक शब्द न बोललेली मुलगी. तिने मोजा हातात घातला आणि बारीक आवाजात नगीनाकडून म्हणवून घेतलं, "नी रोज शालेत जाते." मग स्वतःच्या आवाजात तिला रागावली, "शालेत नाही गं, शाळेत! किती वेळा सांगायचं?"

'ळ' अगदी स्वच्छ होता.

जाताना ते एवढंच म्हणाले, "मौलाना से पूछके बताता हूँ." मी म्हटलं, जरूर विचारा. त्यांचं उत्तर अजून आलेलं नाही. मुलगी मात्र मराठीच्या तासाला आता हात वर करते, मोजा हातात नसतानासुद्धा.